काटेकाकांची दहाची टूं

आमच्या गल्लीत सकाळी दहाला कुणी घड्याळाकडे बघत नाही. शेजारच्या काटेकाकांच्या घरातून ‘टूंऽऽ’ असा आवाज निघतो, तोच आमचा दहाचा टोला. आवाज तरी कसा? सरळसोट. वर नाही, खाली नाही, थरथर नाही. पट्टी धरून रेघ ओढावी तसा दोन-तीन सेकंद चालतो आणि कापल्यासारखा बंद होतो. थोडं थांबून पुन्हा, जरा मोठा. मग पुन्हा, आणखी मोठा. असं करत करत कधीतरी थांबतो, तो त्या दिवसापुरता. तो थांबला की मी पदराला पिन लावते आणि शाळेकडे निघते.

मी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. कुरुंद्याच्या अलीकडचं हे गाव. बदली होऊन आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी ही टूं पहिल्यांदा ऐकली आणि लाटणं हातात घेऊन रस्त्यावर धावले. टूं थांबली. शेजारच्या दारातून सत्तरीच्या घरातले एक किडकिडीत गृहस्थ बाहेर आले. गळ्यात चामडी पाकिटातलं एक यंत्र, कानावर पेन्सिल. माझ्याकडे नाही, लाटण्याकडे बघत म्हणाले, “भिऊ नका मास्तरीणबाई. एक हजाराची हाय.”

“एक हजाराची काय?”

“टूं. सेकंदाला एक हजार हेलकावे. बराबर एक हजार. नऊशे नव्याण्णव न्हाई.”

एवढं बोलून ते आत गेले. मी तशीच लाटणं घेऊन उभी. पोळी तव्यावर जळाली ती वेगळीच.

काकांचं खरं नाव गंगाधरराव, पण ते आता रेशनकार्डावरच राहिलंय. हैदराबादेत लाऊडस्पीकरचे अॅम्प्लिफायर बनवणारा एक कारखाना होता. तिथल्या तपासणीच्या खोलीत काकांनी तीस वर्षं काढली. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्यांनी पंखे नेले, कपाटं नेली. काकांनी तपासणीची यंत्रं टेम्पोत घातली, त्यांच्यामध्ये गाद्या-उशा कोंबल्या, बायकोला पुढं ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि गावी आले. त्यांच्या पुढच्या खोलीत आता पाहुण्याला बसायला जागा नाही. एक यंत्र टूं काढतं. एकाच्या काचेवर हिरवी रेघ नाचते. एक नुसताच काटेवाला मीटर. हे काटे बघत बघत माणसाचं नावच काटेकाका पडलं. फाट्यावर त्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे, पण नाजूक तपासणी घरीच. दुकानात धूळ उडते, आणि धुळीचं काकांना वाकडं.

त्यांचं पालुपद म्हणजे ‘खोट’. देवळाचा अॅम्प्लिफायर दुरुस्तीला आला की काका त्याच्यात टूं सोडतात, बाहेर येते ती टूं मीटरवर घेतात आणि मान हलवतात. “साडेतीन टक्के खोट.” मी एकदा विचारलं, खोट म्हणजे काय हो? तर मला समोर बसवून शिकवायला लागले, जसं काही मी बालवाडीत आहे. “आपन आत शुद्ध आवाज धाडला. बाहेर आलेल्या आवाजातून तो शुद्ध आवाज काढून टाकायचा. मंग जे उरतं, जे आपन धाडलंच नव्हतं, ती खोट. कानाला कळत न्हाई. काट्याला कळती.”

मग ते हेच माप माणसांना लावत बसतात. सरपंचाच्या भाषणात चाळीस टक्के खोट. भावकीतल्या रडण्यात वीस. “काटा खोटं बोलत न्हाई,” हे वाक्य तर दिवसातून दहा वेळा. एका लग्नात डीजेसमोर गळ्यातलं आवाज मोजायचं यंत्र धरून उभे राहिले आणि तिथूनच ओरडले, “एकशे नऊ डेसिबल! लेकरं मागं घ्या, कानाचे पडदे पत्रावळीवर वाढायचेत का?” नवरदेवाचा मामा अंगावर आला. काकांनी त्याच्यापुढेही यंत्र धरलं. “तुमी फकस्त पंच्याण्णव.”

माझी तर त्यांनी पार शोभा केली. एकदा शाळेच्या भिंतीपलीकडून यंत्र धरलं आणि संध्याकाळी ओट्यावर चार जणांत म्हणाले, “मास्तरीणबाई, सहाचा पाढा शिकवताना तुमचा आवाज सत्तर असतो. सातचा आला की ब्याऐंशी. सातची भीती लेकरांना न्हाई, तुमाला हाय.” मला असा राग आला! आठ दिवस बोलले नाही. पण खरं सांगू का, सातच्या पाढ्याला मी लहानपणापासून घाबरते.

सातच्या पाढ्यालाच कशाला, मी सगळ्यालाच घाबरते. पाल, साप, फटाका, वरच्या साहेबाचा फोन, दारावरची थाप. आमचे हे वसमतच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात नोकरीला, सकाळी आठच्या बसनं जातात ते दिवेलागणीला येतात. शाळा सुटली की घरात मी आणि माझी भीती. मी मूळची नरसीकडची, तिकडे आवाज म्हणजे टाळ आणि मृदंग. आणि बदली कुठं झाली? तर जिथं जमीन गुरगुरते तिथं.

खरंच गुरगुरते. वसमत-औंढ्याकडच्या पुष्कळ गावांना हे ठाऊक आहे. बसल्या जागी पायाखालून ‘गुडूऽडुडुडु’ असं येतं. वाटतं, दगडानं भरलेला ट्रक येतोय. आपण रस्त्याकडे बघतो आणि ट्रक काही येत नाही. मग मांडणीवरची भांडी एकमेकांना लागतात. मग शांत. कधी नुसताच आवाज, कधी आवाजामागून धक्का. तालुक्याचे साहेब येऊन गेले, म्हणाले, घरांच्या पत्र्यांवरचे दगड काढा, डोक्यात पडतील. लोकांनी काढले. आठ दिवसांनी वावटळ आली आणि दोन घरांचे पत्रे थेट हळदीच्या वावरात जाऊन पडले. लोकांनी दगड पुन्हा चढवले. भूकंपानं मरायचं का वाऱ्यानं, एवढंच आता ज्यानं त्यानं ठरवायचं.

काका म्हणाले, “आधी गुरगुर, मंग धक्का. मधात चार-पाच सेकंद घावतात. ज्याला ऐकू आलं तो भाईर.” त्या दिवसापासून माझा जीव त्या चार-पाच सेकंदांत अडकला. दाराशी एक पिशवी भरून ठेवली. आधारकार्ड, नेमणुकीची ऑर्डर, बॅटरी, पोह्याचं पाकीट. रात्री चपला दाराकडे तोंड करून. आमचे हे हसले. “धक्का आल्यावर चपला सरळ आहेत का उलट्या, बघत बसणार आहेस का?” त्यांना काय जातं हसायला! ते दिवसभर मोंढ्यात, पक्क्या स्लॅबखाली.

काका मात्र हसले नाहीत. त्यांनी अंगणात कमरेइतका खड्डा खणला आणि त्यात डीजेचा एक भलामोठा स्पीकर पुरला. तोंड खाली, जमिनीकडे. गाव जमलं. कुणीतरी विचारलं, “काहून वो काका, जमिनीला गाणी ऐकवून राहिले का?”

“उलटं,” काका म्हणाले. “स्पीकरात वीज धाडली की तो बोलतो. स्पीकर हालला की तो वीज धाडतो. आता ह्यो बोलत न्हाई, ऐकतो. जमीन पुटपुटली की ह्याला आधी कळंल.”

तिथून एक वायर घरात, मीटरवर. मीटरवरून पुढं तांबडे दिवे. एक दिवा ओट्यावर, त्याच्या शेजारी घंटा. इथवर ठीक. पण एक दिवा स्वयंपाकघरात चुलीच्या वर, एक मागच्या दारी धुण्याच्या दगडापाशी, एक न्हाणीत. गावाला चार दिवस बोलायला विषय झाला. गावासाठी एक घंटा आणि बायकोसाठी तीन-तीन दिवे? म्हातारा म्हातारपणी लाडात आलाय.

काकू म्हणजे सत्यभामाकाकू. गोऱ्या, ठेंगण्या, हात सदा कामात आणि चेहरा सदा हसरा. मी विचारावं, “काकू, लिंबू आहे का हो?” तर म्हणायच्या, “व्हय व्हय, आत्ताच जेवले.” मी म्हणे, भोळी बाई आहे. आणखी एक गोष्ट मला खटकायची. आमच्या गल्लीत प्रत्येक नवरा दारातूनच ओरडतो, “अवो, ऐकलं का?” काकांच्या तोंडून हे कधी नाही. ते गुमान चालत आत जायचे, काकूंच्या समोर जाऊन उभे राहायचे आणि मग बोलायचे. बायका म्हणायच्या, ताठा किती, हाक मारली तर जीभ झिजते.

तर तो दिवा एका सकाळी लागला. घंटा घणघणली. अख्खी गल्ली शाळेच्या मैदानाकडे सुटली. मी कणकेच्या हातानं पिशवी उचलली, बाहेर आले, दाराला कुलूप लावलं आणि मग पळाले. भूकंपात घर पडणार, पण चोरी व्हायला नको! काका काकूंचा हात धरून ओढत आणत होते, तशातही पोरी तोंडाला पदर लावून हसल्या. आम्ही सगळे मैदानात, नजर आपापल्या पत्र्यांवर. धक्का काही येईना. आणि गल्लीच्या तोंडातून धनगराची मेंढरं निघाली. शंभर, दोनशे, संपेचनात. मागून खांद्यावर घोंगडं टाकलेला धनगर. आम्हाला बघून तो बिचारा जागीच थांबला.

“काय झालं वो? काहून पळून राहिले समदे?”

काका पुढं झाले. “मेंढरं किती हायती?”

“साडेतीनशे.”

“म्हंजी चौदाशे पाय,” काका म्हणाले. “बराबर. यंत्र बराबर हाय.”

त्या दिवशी काका मार खाता खाता वाचले. पण पुढचे आठ दिवस ते खाली मान घालून यंत्र दुरुस्त करत बसले. मेंढरांचे पाय वगळायचे आणि जमिनीची गुरगुर ठेवायची. “बारीक फरक हाय, पन हाय,” म्हणायचे. डोळे लाल झालेले. मला वाटलं, एवढं काय लावून घ्यायचं माणसानं? गावाला कान आहेत की.

मग एका शनिवारी, सकाळची शाळा सोडून लवकर आले होते, दहाच्या सुमाराला विरजणाला दही मागायला काकूंकडे गेले. मागचं दार उघडंच होतं. आणि मी उंबऱ्यातच थबकले.

काकू पाटावर बसल्या होत्या, मांडीवर सूप, तुरीच्या डाळीतले खडे वेचत. काकांकडे पाठ. काका त्यांच्या मागं यंत्रासमोर, हात बटणावर. टूं वाजली. काकू खडे वेचतच राहिल्या. काकांनी बटण जरा फिरवलं. टूं, मोठी. काकूंचं लक्ष डाळीत. आणखी मोठी. माझ्या कानाला आता ती टोचायला लागली होती. आणखी मोठी, आणि काकूंनी उजवा हात वर केला. शाळेत पोरं करतात तसा, कोपरापासून सरळ. काकांनी मीटर बघितला आणि वहीत आकडा लिहिला.

“किती?” काकूंनी मागं न बघता विचारलं.

काका उठले, फिरून त्यांच्या समोर गेले, उकिडवे बसले आणि तोंड त्यांना दिसेल असं म्हणाले, “कालच्याइतकंच.”

काकू हसल्या. तेव्हा काकांनी मला पाहिलं. चेहरा असा पांढरा पडला, जसं काही मी त्यांची चोरी पकडली. मला हाताला धरून परसात घेऊन आले.

“कुनाला बोलू नका, बाई. तिला न्हाई आवडत. लोकाला कळलं की लोक मान्साशी बोलायचं सोडतेत, भिताडाशी बोलल्यावानी वरडतेत, न्हाईतर तोंडावर हासतेत.” मग एकदम सगळंच सांगायला लागले. दोन वर्षांमागं पंचेचाळीसला हात वर व्हायचा. आता अठ्ठ्याहत्तरला. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, नस वाळत चालली, उपाय नाही. कानातलं यंत्र आणलं तर काकू म्हणाल्या, मिक्सरात बसल्यासारखं होतं, आणि ते तांदळाच्या डब्यात ठेवून दिलं. “मधात मधात मी टूं न वाजवताच थांबतो. फसवून हात वर करती का, बघायला. दोन वरसांत एकदा बी फसवलं न्हाई तिनं. शून्य टक्के खोट.”

त्या चामडी पाकिटातल्या यंत्राचाही मग उलगडा झाला. काही महिन्यांपासून ते काकांच्या गळ्यात दिसत नव्हतं. ते चुलीशेजारी असायचं, चालूच. काकू कुकरच्या शिट्ट्या काट्यावर मोजायच्या. काटा तांबड्यात गेला की एक शिट्टी.

“मला भ्या वाटतंय, बाई,” काका म्हणाले. हा माणूस असं बोलेल हे मला स्वप्नातही खरं वाटलं नसतं. “रातच्याला मी शेजारी असतो, उठवीन. पन दिवसा मी फाट्यावर. जमीन बोलली तर समदं गाव भाईर पळंल, आन् ही डाळ निवडत बसंल. तिला कोन सांगंल?”

“मी सांगीन,” मी म्हणाले. “शेजारी कशाला आहे मी? शाळाही दोन ढांगांवर. तुम्ही बिनघोर दुकानात जा.”

काकांनी हात जोडले. मला तेव्हा स्वतःचं इतकं कौतुक वाटलं, दही न्यायचं राहून गेलं.

पुढचे काही महिने गेले. हळद निघाली, अंगणाअंगणांत उकडलेली हळद वाळत पडली, गल्लीभर तो वास. टूं दर महिन्याला थोडी थोडी मोठी होत होती. गल्लीतले लोक म्हणायचे, म्हाताऱ्याचं यंत्र बिघडलं, आता भिंतीतून येतेय. रोज दहाला मी कान देऊन मोजायचे, कितव्या टूंला थांबतात ते. एक जास्त झाली की पदराची पिन बोटात जायची.

आणि एका दुपारी, मी मधल्या सुट्टीत शाळेतून नुकतीच आलेली, पाण्याचा तांब्या तोंडाला लावलेला, पायाखालून ट्रक आला.

यावेळचा ट्रक मोठा होता. मी तांब्या टाकला. पिशवी नाही, चपला नाही, कुलूप नाही, सरळ रस्त्यावर. मागून धक्का आला. काय सांगू, जमीन कुणीतरी सतरंजीसारखी झटकली. मांडणीतली भांडी खाली आली तो आवाज मला बाहेर ऐकू आला. काकांच्या पत्र्यावरचा एक दगड घरंगळत आला आणि माझ्यापासून चार हातांवर हळदीत पडला. थांबलं. लोक ओरडत होते, पोरं रडत होती. ओट्यावर तांबडा दिवा विझलेलाच होता, घंटा गप्प. लाईट सकाळपासून नव्हती, आणि दिव्यांची बॅटरी काकांनी आदल्या रात्री काढून चार्जिंगला लावली ती तिथंच होती. नऊशे नव्याण्णव आणि एक हजार यातला फरक ओळखणारा माणूस, आमच्या गावात लाईट कधी जाते एवढंच विसरला होता.

आणि मला काकू आठवल्या.

मी दारापर्यंत गेले. खरंच गेले. उंबऱ्यावर प्लास्टरचा ढीग पडला होता, आत धूळ. “काकू!” म्हणून ओरडले, आणि कुणाला ओरडतेय हे माझं मलाच कळलं. आत जायला हवं होतं. दहा पावलं. वचन देऊन बसले होते. पण पुन्हा पायाखाली बारीक गुडगुडलं, आणि माझे पाय उचलेनात. लाज वाटते सांगायला, पण मी दारात खांब धरून नुसती रडत उभी राहिले.

फाट्याकडून काका पळत आले. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायात नाही. या माणसाला मी कधी भरभर चालतानासुद्धा बघितलं नव्हतं. मला म्हणाले, “कुठंय?” मी नुसतं आत बोट दाखवलं. त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. रागानं नाही बघितलं, तेच वाईट. आणि ते धुळीत शिरले.

आतून हाक आली. “सत्यभामाऽऽ!”

गल्लीनं दाराकडे माना वळवल्या. आमच्याकडे या वयाचा माणूस चार लोकांत बायकोचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात एकदा घ्यायचं, मग संपलं. “सत्यभामाऽऽ! सत्येऽऽ!” आतली भांडी तुडवली जात होती, काहीतरी आपटलं, आणि पुन्हा तीच हाक. घसा फाटून जाईल असा आवाज, आणि ज्या माणसासाठी तो होता त्याच्यापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. हे त्या गल्लीत मला एकटीला ठाऊक होतं.

तेवढ्यात माझ्या खांद्याला कुणीतरी हात लावला. मी किंचाळले. मागं काकू उभ्या होत्या. केसांत धूळ, पदराखाली काहीतरी पोटाशी धरलेलं.

“मागल्या दारानं आले,” त्या म्हणाल्या. “मोरीच्या फरशीवर अनवानी उभी व्हते, पायाला कळलं. ह्येंचा दिवा काई लागला न्हाई, पाय आधी हालले.” मग पदर बाजूला करून दाखवलं. आवाज मोजायचं यंत्र. चामडी पाकिटासकट. घरातून बाहेर पडताना या बाईनं एवढी एकच वस्तू उचलली होती. “म्हनलं, ह्येंचा जीव ह्याच्यातच हाय.”

आणि बोलता बोलता त्यांची नजर यंत्रावर गेली. काटा सर्रकन तांबड्यात जाऊन टेकला. खाली आला. पुन्हा गेला.

“अगं बया! कोन वरडून राहिलंय एवढं?”

मी त्यांच्या समोर झाले, डोळे पुसले आणि सावकाश म्हणाले, “काका. आत आहेत. तुमचं नाव घेतायत.”

“माझं?”

“हो. सत्यभामा म्हणून.”

काकूंचं तोंड उघडं राहिलं. मला वाटलं, आता धावतील, ओरडतील. त्या जागच्या हलल्या नाहीत. दोन्ही हातांनी यंत्र धरून काट्याकडे बघत राहिल्या. काटा वर जायचा, पडायचा, वर जायचा. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा नव्या नवरीसारखा लाल झाला होता.

“काकू, हाक मारा त्यांना! दुसरा धक्का येईल!” मी त्यांचा दंड धरून हलवला.

“थांबा वो बाई,” त्या म्हणाल्या. “बघू द्या जरासं.”

मग त्यांनीच काय समजायचं ते समजून मान वर केली आणि हाक मारली, “अवो! मी हितं हाय!”

काका बाहेर आले. कपाळावर खोक, अंगभर माती. काकूंना बघितलं. मला वाटलं, हे आता खाली बसतील. पण ते जवळ आले, यंत्राकडे बघून म्हणाले, “पट्टा वरचा लावायचा ना, मोठ्या आवाजाचा. काटा वाकला असता.” आणि यंत्र घ्यायला हात पुढं केला. यंत्र त्यांच्या हाती ठरेना. शेवटी काकूंनीच ते धरून ठेवलं, आणि यंत्र धरलेल्या हातांवर काकांनी आपले हात ठेवले. गल्ली बघत होती, पण त्या दिवशी पोरी हसल्या नाहीत.

माझी रात्र तळमळण्यात गेली. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. काकांना काय बोलणार, हे पाठ करत दहाच्या आधीच मागच्या दारानं गेले. घर तसं उभं होतं. एका भिंतीला खालपासून वरपर्यंत चीर, मांडणी रिकामी. पण पाट मांडलेला, काकू बसलेल्या, मांडीवर सूप. काकांकडे पाठ. त्यांच्या समोरच्या भिंतीवर घड्याळ तेवढं शाबूत. काका यंत्रासमोर, कपाळाला पट्टी. लाईट होती.

घड्याळात दहा वाजले. काकांनी बटणावर हात नेला. बटण धरून ते काकूंच्या पाठीकडे बघत राहिले. कालच्याइतक्या मोठ्या टूंला हात वर झाला नाही तर काय, ही भीती मला त्यांच्या मानेच्या शिरांत दिसत होती. बटण फिरेना. घरात काही आवाज नव्हता, गल्लीत नव्हता. टूं वाजलीच नव्हती.

काकूंनी घड्याळाकडे बघितलं आणि हात वर केला. कोपरापासून सरळ.

काका त्या हाताकडे बघत राहिले. मग मीटरकडे बघितलं. काटा शून्यावर. मला वाटलं, आता म्हणतील, खोट. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, वही ओढली आणि कालचाच आकडा लिहिला.

“किती?” काकूंनी मागं न बघता विचारलं.

काका उठले, फिरून त्यांच्या समोर गेले, गुडघे धरत उकिडवे बसले आणि तोंड त्यांना नीट दिसेल असं म्हणाले, “कालच्याइतकंच.”